शेटे अप्पांचं स्पूल

शेटे अप्पा कुठलाही कागद दोन्ही हातांनी घ्यायचे. छापखान्यातून आलेला कोरा गठ्ठा असो की प्रिंटरमध्ये अडकून चोळामोळा झालेलं पान असो, देवळात प्रसाद घ्यावा तसे दोन्ही हात पुढे व्हायचे. मला त्याचं हसू यायचं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, औरंगाबादहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून बीडला परत आलो होतो, आणि मला बऱ्याच गोष्टींचं हसू यायचं.

बीडमधल्या एका शिक्षणसंस्थेनं त्या सुमारास एक जुनं मेनफ्रेम मशीन विकत आणलं होतं. देशाचं धोरण बदललं, बाहेरून छोटी, नवी मशिनं यायला लागली, तसं मुंबईच्या एका कंपनीनं आपल्याकडचं हे धूड काढायला घेतलं. संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब. ‘जिल्ह्यातलं पहिलं’ हे दोन शब्द कानावर पडले की त्यांना धीर धरवत नसे. दोन ट्रकांतून मशीन आलं. एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये फरशी उंच करून घेतली, एसी बसवले आणि दारावर ‘संगणक भवन’ अशी पाटी लागली. मशीनबरोबर मुंबईहून एकच माणूस आला. महालिंग शेटे, ऑपरेटर.

अप्पा मूळचे गेवराई तालुक्यातल्या उमापूरचे. घरी तीन पिढ्यांचं किराणा दुकान. ते मॅट्रिक होऊन मुंबईला गेले आणि त्याच मशीनवर अठरा वर्षं काढली. पण मुंबईनं त्यांच्या बोलण्याला हात लावला नव्हता. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, शर्टाच्या आत गळ्यात लिंग, खिशाला दोन पेनं. पहिल्या दिवशी मी त्यांना विचारलं, “अप्पा, एवढं जुनं मशीन इथं आणून काय होणार?”

“मशीन जुनं हाय, काम जुनं न्हाई,” ते म्हणाले. “बसा. आदी ह्याचं घर दाखवतो तुमाला.”

कागदावर मी प्रोग्रामर होतो आणि ते ऑपरेटर. म्हणजे मी त्यांच्या वर. पण त्या मशीनची गंमत मला त्यांनीच समजावली. मशीन एकच, पण त्यावर काम करणाऱ्या आम्हा आठ-दहा जणांपैकी प्रत्येकाला ते असं भासवायचं की अख्खं मशीन त्याच्या एकट्याचंच आहे. प्रत्येकाला स्वतंत्र प्रिंटर, स्वतंत्र कार्ड वाचायचं यंत्र म्हणजे रीडर, स्वतंत्र कार्डाला भोकं पाडायचं यंत्र. खरं तर यातलं काही नसायचंच. शेडमध्ये प्रिंटर एकच होता, आणि कार्डं तर मी जन्मात पाहिली नव्हती.

“एकत्र कुटुंब हाय,” अप्पा म्हणाले. “चूल एकच. पण प्रत्येक सुनंला वाटतं, चूल माझीच.”

“आणि कार्डं नाहीत, तरी कार्डांची यंत्रं कशाला?”

“पयले होती. आता कार्डं गेली, सवय राहिली. ही नसीम तिकडं मार्क टाइप करती, ते कार्डाचा गठ्ठा म्हणून तुमच्या रीडरात येऊन पडतं. म्हणजे तुमच्या दाराची टपालपेटी म्हणा की. तुमी उचलून घेईपर्यंत ते तिथंच बसतं. छापायचं असंल ते प्रिंटरच्या रांगेत बसतं. ह्या सगळ्या बसलेल्यांच्या जागेला म्हणायचं स्पूल.”

हे स्पूल म्हणजे अप्पांचं राज्य. तिथं आलेल्या प्रत्येक फाइलीला मशीन चार आकडी नंबर द्यायचं. अप्पा रोज संध्याकाळी साडेपाचला वही उघडून कोणती फाइल कुणाची, किती दिवस बसली आहे, छापायची आहे की होल्डवर आहे, हे सगळं शाईनं उतरवून काढायचे. मग सगळं स्पूल टेपवर उतरवायचे, टेपच्या डब्यावर तारीख टाकायची आणि मगच चप्पल घालायची. हे काम मशीन स्वतःच्या यादीत करतच होतं. मी एकदा तसं म्हणालो, तर म्हणाले, “मशीन लिहितं ते मशीनसाठी.”

स्पूलची जागा मर्यादित असे. ती भरली की सगळ्यांचीच कामं अडकत, म्हणून नको असलेल्या फायली काढून टाकाव्या लागत. त्या हुकुमाचं नाव पर्ज. पर्ज केलेली फाइल परत येत नाही. हा शब्द अप्पा हळू आवाजात उच्चारायचे आणि करायच्या आधी तीन प्रश्न विचारायचे. “कुनाची हाय? काय हाय? दुसरीकडं हाय का?” तिन्हीची उत्तरं मिळाल्याशिवाय बोट कळीला लागत नसे. होल्डवर ठेवलेल्या फायलींबद्दल तर ते फारच हळवे होते. मी म्हणायचो, “अप्पा, महिनाभर कुणी विचारलं नाही, मेलीय ही फाइल.”

“थांबलेलं मेलेलं नसतं, जगताप सायब.”

इतिहासाच्या एका प्राध्यापकांची एक फाइल अशीच चार महिने प्रिंटरच्या रांगेत होल्डवर पडली होती. प्राध्यापकांची बदली संस्थेच्या अंबाजोगाईच्या कॉलेजात झालेली. अप्पांनी दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. शेवटी एका रविवारी स्वतःच्या सुट्टीत एसटीनं अंबाजोगाईला गेले आणि त्यांच्या दारात उभं राहून विचारलं, “सर, तुमची एक फाइल आमच्याकडं बसून हाय. छापू का काढू?” प्राध्यापकांना कसली फाइल तेही आठवेना. ते म्हणाले, “काढा हो, काढा!” अप्पांनी ते कागदावर लिहून घेतलं, खाली सही घेतली, चहा घेतला आणि परतीची गाडी धरली. सोमवारी तो कागद वहीत चिकटवून मग फाइल पर्ज केली. शेडमध्ये आठवडाभर हा विनोद चालला. सगळ्यात मोठ्यानं मीच हसत होतो.

प्रत्येक छपाईच्या सुरुवातीला मशीन एक जास्तीचं पान छापायचं. त्यावर मालकाचं नाव हाताएवढ्या इंग्रजी अक्षरांत. आम्ही ते फाडून टाकायचो. अप्पा ती पानं जमा करायचे, मागची कोरी बाजू वर घेऊन दाभणानं शिवायचे आणि वह्या करून नसीमच्या मुलांना द्यायचे. नसीम म्हणजे मार्क टाइप करणाऱ्या तिघींमधली सगळ्यात जलद. ती एकदा मला म्हणाली, “सर, माझ्या पोराच्या गणिताच्या वहीमागं तुमचं नाव आहे. तो विचारतो, हे कोण मोठे साहेब?”

मला तेव्हा बरं वाटलं होतं.

संस्थेची डी.एड. कॉलेजं होती. मास्तरकीची नोकरी म्हणजे आमच्याकडं घर वर निघायची शिडी. त्यामुळं प्रवेशासाठी जिल्हाभरातून मुलं यायची. संस्था प्रवेश परीक्षा घ्यायची, आणि त्या वर्षीपासून गुणवत्ता यादी मशीनवर निघणार होती. त्याच्या आधी, हातानं यादी करायच्या काळात, मधे काय काय चालायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

परीक्षा झाल्यावर थोड्याच दिवसांत दादासाहेब स्वतः शेडमध्ये आले. बरोबर कुणी पाहुणे होते. दादासाहेब अप्पांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “अप्पा, यादी छापायच्या आधी जरा एक नजर मारायची आहे. एखादं नाव वर-खाली करायचं असलं तर करता येतं ना तुमच्या मशीनवर?”

अप्पांनी खुर्ची पुसून त्यांना बसायला दिली. मग म्हणाले, “दादासाहेब, रांगेत कुनाचं आदी छापायचं ते माझ्या हातात हाय. तुमी सांगाल ते आदी छापतो. पन यादीत कोन वर, कोन खाली, ते पोरांनी लिवलंय. ते माझ्या हातात न्हाई.”

“आणि याच्या?” दादासाहेबांनी माझ्याकडं बोट केलं.

मी काही बोलायच्या आत अप्पा म्हणाले, “त्याच्या बी न्हाई. फायली परीक्षेच्या नावावर हायेत. माझ्याशिवाय कुनी काढू शकत न्हाई.”

पाहुण्यांसमोर दादासाहेब हसले. पण जाताना त्यांनी अप्पांना नमस्कार केला नाही. हे मी पाहिलं होतं, आणि पुढं मला ते उपयोगी पडलं. हे वाक्य लिहिताना हात थांबतो, पण ते खरं आहे.

ऑगस्टमध्ये अप्पांच्या धाकट्या भावाच्या पायाचं ऑपरेशन निघालं. सोमवार ते बुधवार ते सुट्टीवर जाणार होते. जायच्या आधी त्यांनी मला बाजूला घेतलं. तेव्हा पहिल्यांदा ते मला साहेब म्हणाले नाहीत.

“सुधीर, ऑपरेटरचा पासवर्ड तुला देतो. नियमात न्हाई, पन दुसरं कोन हाय? कागदावर लिवू नको. संध्याकाळी टेप काढायची. बाकी कशाला हात लावू नको.”

“अप्पा, मी काय लहान आहे का?”

“न्हाई रे. म्हनून तर देतो.”

त्या वेळी नसीम आणि बाकीच्या दोघी तीन आठवड्यांपासून मार्क टाइप करत होत्या. एकेका परीक्षा केंद्राचे मार्क एकेक गठ्ठा म्हणून परीक्षेच्या रीडरमध्ये येऊन पडत होते. डिस्कवर जागा नव्हती, म्हणून सगळी केंद्रं पूर्ण होईपर्यंत ते तिथंच राहणार होते. मशीनवर त्यांची दुसरी प्रत नव्हती. प्रत असायची ती अप्पांच्या टेपवर. ते रोज नव्या टेपा मागत, ऑफिस देत नसे. म्हणून एकाच टेपेवर कालचं पुसून आजचं उतरवलं जायचं.

सोमवारी संध्याकाळी टेप काढताना मशीननं मधेच चूक दाखवली. मी पाहिलं, तर टेप अर्धवट पुसली गेली होती. पुन्हा सुरुवातीपासून काढायला अर्धा तास लागला असता. मित्र बाहेर मोटारसायकल घेऊन उभा होता. मी ठरवलं, उद्या काढू.

मंगळवारी दुपारी स्पूल भरलं. ते माझ्यामुळंच भरलं होतं. मी पुण्यातल्या एका कंपनीच्या मुलाखतीची तयारी करत होतो, आणि सरावासाठी केलेल्या माझ्या प्रोग्रामनं हजारो पानांचे रिपोर्ट प्रिंटरच्या रांगेत ओतले होते. नसीम उठून आली. “सर, माझा गठ्ठा जात नाही. बघा ना, परीक्षेच्या रीडरमध्ये पोचला का?”

मी ऑपरेटरच्या जागी बसून परीक्षेच्या फायलींची यादी मागवली. “नाही पोचला. थांब, जागा करतो,” म्हणालो. आता माझ्या स्वतःच्या फायली पर्ज करायच्या होत्या. मागची ओळ परत आणायची एक कळ असते. ती दाबली, ओळीतला पहिला शब्द बदलून पर्ज केला. पुढचं परीक्षेचं नाव बदलून माझं घालायचं राहिलं. एंटर दाबलं.

पडद्यावर एक ओळ आली. एकतीस फायली काढल्या.

माझ्या फायली इतक्या नव्हत्या, हे मला लगेच कळलं. नसीम तिकडून ओरडली, “गेला सर, गेला माझा गठ्ठा! थँक्यू!” रिकाम्या झालेल्या रीडरमध्ये तिचा तो एकच गठ्ठा येऊन बसला होता.

इथपर्यंत ती चूक होती. माणसाकडून होते. पुढं मी जे केलं त्याला चूक म्हणता येत नाही. ऑपरेटरच्या टेबलावर जे काही टाइप होतं ते सगळं मशीन आपणहून लिहून ठेवतं, आणि ती नोंदसुद्धा स्पूलमधली एक फाइलच असते. अप्पा ती रोज छापून फायलीला लावायचे. मी ती नोंद बंद केली आणि पर्ज केली. शांतपणे, एकेक अक्षर बघून. मग जेवायला गेलो. परत आल्यावर सगळ्यांसमोर म्हणालो, “अरे, परीक्षेच्या फायली कुठं गेल्या?”

गुरुवारी सकाळी अप्पा आले. त्यांना कुणीतरी स्टँडवरच बातमी दिली होती. ते कुणाशी बोलले नाहीत. आधी टेप लावून पाहिली. मग ऑपरेटरच्या नोंदी छापल्या. मंगळवारच्या अर्ध्या दिवसाची नोंद नव्हती. पण मला एक गोष्ट सुचली नव्हती. जुनी नोंद पर्ज केल्याची ओळ मशीननं नव्या नोंदीत लिहिली होती. अगदी वर, पहिल्या ओळीत, वेळेसकट. त्या वेळी शेडमध्ये ऑपरेटरचा पासवर्ड एकाच माणसाकडं होता.

अप्पांनी ते पान फाडलं, घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. मग माझ्या टेबलाशी आले.

“सुधीर, मंगळवारी काय झालतं?”

“माहीत नाही अप्पा. मी जेवून आलो तर रीडर रिकामं.”

ते तिथंच उभे राहिले. “तुला काय सांगायचंय का?”

“नाही.”

“बरं,” म्हणाले आणि वही उघडून बसले.

शनिवारी मीटिंग झाली. दादासाहेब, संस्थेचे चार सभासद, अप्पा आणि मी. दादासाहेबांनी विचारलं, तसं अप्पा उभे राहिले. “ऑपरेटर मी हाय. पासवर्ड मी सुधीरला दिलता, ती माझी चूक. टेपेवर माझा भरवसा होता, ती बी माझी चूक.”

“सुधीर, तू काही केलंस?”

“मी फक्त माझ्या फायली बघितल्या, दादासाहेब.”

अप्पांचा हात खिशापाशी गेला. हात तिथं थोडा वेळ राहिला आणि खाली आला. दादासाहेब आधीच बाकीच्यांकडं वळले होते. “मॅट्रिक माणसाच्या हातात एवढं मशीन दिल्यावर दुसरं काय होणार? आणि तोंड मात्र केवढं!” दोष द्यायला त्यांना अप्पाच हवे होते. मला ते माहीत होतं, आणि मी गप्प बसलो.

उत्तरपत्रिका होत्या, म्हणून मार्क पुन्हा टाइप करायचं ठरलं. अप्पा रोज सकाळी नऊपासून नसीमशेजारी स्टूल टाकून बसायचे आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचून दाखवायचे. त्यांचा आवाज बसला, तरी वाचत राहिले. मी माझ्या जागेवरून ऐकत असायचो. शेवटी सगळी केंद्रं झाली, फक्त तलवाड्याच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सापडेना. ‘मशीनमध्ये गेलं, आता काय करायचंय’ म्हणून ऑफिसनं तो रद्दीत देऊन टाकला होता. तलवाड्याच्या साठेक मुला-मुलींची परीक्षा परत घ्यायची ठरली. संस्थेच्या कारभारात तारीख पडता पडता दसरा उलटला.

ती तारीख कळल्यावर एक बाप आपल्या मुलीला घेऊन शेडवर आला. मुलीचं नाव कांता. दोन वेण्या, हातात हॉलतिकीट घट्ट धरलेलं. बाप दारातच थांबला. चप्पल काढावी की नको ते त्याला कळेना. अप्पा उठून त्यांच्याकडं गेले, आत आणलं, चहा मागवला.

“परत कावून?” बाप म्हणाला. “पोरीनं एकदा दिली की परीक्षा.”

“दिलती. चांगली दिलती,” अप्पा म्हणाले. “मार्क मी सोता बघितलेत, लई चांगले होते. पन ते आमच्याकडनं गेले.”

“गेले म्हंजी?”

“पुसले गेले. चूक आमची हाय.” अप्पांनी हात जोडले.

“आन आता मधीच तारीख. आमची टोळी त्याच्या आदी निघती, साहेब. ऊसतोडीला, कारखान्यावर. मुकादम काय पोरीसाठी थांबतो व्हय? आन तिला एकलीला मागं कुनापाशी ठेवू?”

कांता मशीनकडं बघत होती. मग तिनं अप्पांना विचारलं, “माझे किती होते?”

अप्पांना आठवत होतं. त्यांनी सांगितलं. ती मान हलवून उठली. मी पडद्याकडं तोंड करून बसलो होतो. पडद्यावर काही नव्हतं.

फेरपरीक्षेला तलवाड्याची अकरा मुलं आली नाहीत. कांता त्यांत होती. अप्पांनी गैरहजरांची नावं वाचली, यादी लावली आणि छापायला सोडली. प्रिंटर थांबल्यावर यादीचे गठ्ठे दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवले. दुसऱ्या दिवशी दादासाहेबांनी त्यांना बोलावून कामावरून कमी केल्याचं पत्र दिलं. नसीम रडली. माझ्याशी अप्पा नेहमीसारखेच बोलले. टेप कशी लावायची, प्रिंटरची रिबन कुठं मिळते, एसीवाल्याचं नाव काय, हे सगळं समजावून सांगितलं. वही माझ्या हातात दिली. मी ती एका हातानं घेतली.

पुढच्या वर्षी मला पुण्यातल्या त्या कंपनीत नोकरी लागली. मुलाखतीत त्यांनी विचारलं, स्पूल भरलं तर काय कराल? मी म्हणालो, “काढायच्या आधी तीन गोष्टी विचारीन. कुणाची आहे, काय आहे, दुसरीकडं आहे का.” समोरच्या माणसानं मान डोलावली आणि काहीतरी लिहून घेतलं. शतक बदलायच्या आधीची ती वर्षं. जुन्या मशिनांच्या तारखा दुरुस्त करायला परदेशातल्या कंपन्या माणसं शोधत होत्या, आणि मेनफ्रेम येणाऱ्याला सोन्याचा भाव होता. मी दोनदा अमेरिकेला जाऊन आलो. मला जे येत होतं त्यातलं निम्मं अप्पांचं होतं.

पाच वर्षांनी मी उमापूरला गेलो. लग्न ठरलं होतं, पत्रिका द्यायच्या निमित्तानं गेलो, असं मी स्वतःला सांगितलं. दुपारची वेळ. अप्पा दुकानात, मांडी घालून, साबणाच्या वड्या कापत बसले होते. केस पांढरे झाले होते, भस्माचे पट्टे तसेच. मला पाहून उठले.

“अरं, सुधीर! ये, ये. वर ये.” गिऱ्हाइकांना सांगायला लागले, “हे आमचे जगताप सायब. आमी संगं होतो बीडला. आता अमेरिकेत असत्यात.”

त्यांनी मला गादीवर बसवलं, घरातून पोहे मागवले. मी पत्रिका दिली. गिऱ्हाईक गेलं, दुकानात आम्ही दोघंच राहिलो, तेव्हा मी बोललो. एका दमात. पर्ज मी केलं, टेप मी काढली नव्हती, नोंदही मीच पुसली.

अप्पा साबण कापत राहिले. “माहीत हाय मला.”

“मग तो कागद का नाही दाखवलात?”

“मीटिंगमधी तू बोलशील म्हनून थांबलतो. तू न्हाई म्हनलास तवा हात खिशात गेलता माझा. पन तुला सगळ्यांम्होरं खोटं पाडायचा धीर झाला न्हाई. चांगुलपना समजू नको त्याला. भ्यालो मी. आन तू कावून न्हाई बोललास?”

“मीही भ्यालो.”

“हं.” त्यांनी सुरी पुसली. “आपन दोघं भ्यालो, आन ती पोरगी कोयता घ्यून गेली.”

मी त्यांचे पाय धरायला वाकलो, तर त्यांनी मला अडवलं.

“माझे धरून काय? मला दुकान होतं, मी घरी आलो. माझं काय न्हाई गेलं. तलवाड्याला जा.”

“तुम्हाला तिचा पत्ता…”

“गावातच दिलीय तिला. शाळंच्या मागं घर हाय. मी दोनदा गेलतो.”

“काय म्हणाली?”

“काय म्हनायचंय? च्या दिला.” त्यांनी कापलेल्या वड्या बाजूला सारल्या. “दुसऱ्या खेपंला इचारलं तिनं, कुनी पुसले म्हनून. मी म्हनलं, त्यो येईल सांगायला.”

चारची गाडी होती. अप्पा मला स्टँडपर्यंत सोडायला आले. दुकान उघडंच टाकून आले. गाडी आली, मी चढलो, खिडकीशी जागा मिळाली. अप्पा पुढच्या दाराशी जाऊन कंडक्टरला मोठ्यानं सांगत होते, “ह्यांना गेवराईला तलवाड्याची गाडी दाखवा बरं का. नवीन हायेत.” कंडक्टर बरं म्हणाला. मग अप्पा खिडकीखाली आले. उन्हासाठी डोळ्यांवर हात आडवा धरून माझ्याकडं बघत राहिले. मी मान हलवली. त्यांनीही हलवली. गाडी सुटली तेव्हा ते वळून दुकानाकडं चालायला लागले होते, भराभर, कारण पायरीवर कुणीतरी गिऱ्हाईक येऊन उभं होतं. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच. पुढच्या पावसाळ्यात ते गेल्याचं नसीमनं पत्रानं कळवलं.

त्या दिवशी गेवराईला उतरलो, तेव्हा कंडक्टरनं खरंच मला बोट करून दाखवलं. तलवाड्याची गाडी उभी होती, निम्मी रिकामी. तिच्या शेजारी बीडची लागली होती. मी कंडक्टरला थँक्यू म्हणालो आणि तो दिसेनासा होईपर्यंत तलवाड्याच्या गाडीपाशी थांबलो. मग बीडच्या गाडीत जाऊन बसलो.